बसलं असेल तर फोन कट कर

थांबा, बाकी सगळं बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता कोणालातरी सांगायचंय, कारण काका फोनवर आहेत. आत्ता म्हणजे खरंच आत्ता. माझा मोबाईल टेबलावर स्पीकरवर पडलाय, मी लॅपटॉपवर टाईप करतेय आणि पलीकडून काकांचा श्वास ऐकू येतोय. मधेच त्यांच्या घरातला कुकर शिट्टी देतो. काकू मोठ्यानं विचारतात, अहो, कोणाशी बोलताय? काका म्हणतात, "बोलत नाहीये. थांबलोय."

आणि मी फोन कट करू शकत नाही. कट केला तर त्याचा अर्थ होतो की सगळं ठीक आहे. सगळं ठीक आहे का ते मला अजून माहीत नाही ना. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, सकाळी भरलेला ट्रक घेऊन माळशेज घाटाकडे निघालाय. ट्रक सेकंडहँड, महिन्याभरापूर्वी घेतलाय, मागच्या चाकाला कालच नवी बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ती कडी, घातलीय. घाट लागायच्या आधी तो थांबणार, चाकाला हात लावून बघणार आणि आईच्या मोबाईलवर कळवणार असं ठरलंय. आईचा मोबाईल माझ्या मांडीवर आहे. वाजत नाहीये.

म्हणून टाईप करतेय. नाहीतर मी नखं खाऊन संपवीन. शुद्धलेखन बघू नका प्लीज.

तर काका. शहाडला, मुरबाडकडे जाणाऱ्या रोडवर त्यांचं ट्रकच्या पार्ट्सचं दुकान होतं. राहायला डोंबिवलीत. एकदम नीट भांग, शर्ट खोचलेला, खिशाला पेन नाही, पेन्सिल. बोलणं एकदम पुस्तकातल्यासारखं. आजूबाजूच्या गॅरेजमध्ये सगळे शिव्या घालत हिंदी-मराठी मिक्स बोलत असायचे आणि मधेच काका, "आपण कृपया चासी नंबरची छाप घेऊन यावी."

ही छाप म्हणजे काय ते सांगते. ट्रकच्या चासीवर, म्हणजे तो जो खालचा लोखंडी सांगाडा असतो त्यावर, सतरा आकडे-अक्षरांचा नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, की नंबर कागदावर उमटतो. आरटीओत पासिंगला असंच करतात. काकांना प्रत्येक पार्टसाठी तेच हवं असायचं. फोटो चालायचा नाही. आरसी बुकची झेरॉक्स चालायची नाही. तोंडी तर बिलकुल नाही. का, तर हात चुकतो, डोळा चुकतो, झेरॉक्सवाला चुकतो, लोखंड चुकत नाही.

एकदा आमच्यासमोर एका ड्रायव्हरनं नंबर स्वतःच्या हातानं लिहून आणला. काकांनी चष्मा लावला, वाचला, कागदाची घडी घालून परत दिली. म्हणाले, "हा ट्रक अस्तित्वात नाही." ड्रायव्हर बाहेर उभ्या ट्रककडे बघतोय, काकांकडे बघतोय. म्हणजे झालं असं की त्यानं शून्याच्या जागी इंग्लिश ओ काढलेला, आणि या नंबरात ओ कधीच नसतो, आयपण नसतो, घोटाळा नको म्हणून. हे काका दोन वाक्यांत सांगू शकले असते. पण नाही. त्याला पेन्सिल दिली आणि ट्रकखाली पाठवलं.

फोनवर डीलरला नंबर सांगायची त्यांची पद्धत तर मला अजून पाठ आहे. सगळे एम फॉर मँगो वगैरे करतात ना, काका स्टेशनं वापरायचे. एम मुंब्रा. के कल्याण. टी टिटवाळा. ए अंबरनाथ. व्ही विठ्ठलवाडी. आम्ही टिटवाळ्याचे, त्यामुळे टी आला की माझ्याकडे बघून मान हलवायचे, जणू आमचाच सत्कार. एक्स आला की क्षणभर थांबायचे. "एक्स. याला स्टेशन नाही." इतकं वाईट वाटल्यासारखं म्हणायचे की मला त्या एक्ससाठी काहीतरी करावंसं वाटायचं.

नंबर मिळाला की तो वाचायचे. या अक्षरावरून साल, यावरून इंजिन, यावरून कुठल्या कारखान्यातून निघालाय. एकाच मॉडेलचे दोन ट्रक, बाहेरून सेम टू सेम, पण मधेच कंपनीनं ब्रेकचा पार्ट बदललेला असतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे नंबरावरून कळतं. सो सिस्टीम म्हणून एकदम बरोबर होती. वैताग यायचा, पण बरोबर होती.

खरा वैताग नंतर. पार्ट गेला की काकांचा जीव टांगणीला. संध्याकाळी फोन. "बसलं का?" बेअरिंग असो, लायनर असो, क्लच प्लेट असो, प्रश्न एकच. बसलं का? बसलं म्हटलं की, "सहज बसलं की ठोकून बसलं?" सहज म्हटलं की, "गाडी फिरवली का?" फिरवली म्हटलं की, "चाकाला हात लावून पाहिलं का? हाताची मागची बाजू. किती गरम आहे?" आता किती गरम काय सांगणार माणूस? तर त्यासाठी त्यांची दोनच मापं होती. "चहाचा कप, की पातेलं?" चहाचा कप म्हणजे हात ठेवता येतो, ठीक. पातेलं म्हणजे गॅसवरून उतरवलेलं, हात झटकन मागे येतो, गाडी थांबव.

आणि खोटं बोलून चालायचं नाही. दादानं एकदा न बघताच चहाचा कप म्हणून सांगितलेलं. काकांनी विचारलं, "कुठल्या चाकाचा?" दादा खिडकीतून खाली गाडीकडे बघायला लागला. "अरे, उतर आणि बघून ये. मी थांबतो." आणि थांबले, खरंच. दादा बनियनवर खाली जाऊन, गाडी थंड झालेली तरी तिला हात लावून आला.

मिस्त्री, म्हणजे शहाडचे सगळे मेकॅनिक, त्यांना पार कंटाळलेले. आमचा मिस्त्री तर म्हणायचा, बायको इतक्यांदा फोन नाही करत. काकांना काही वर्षांपूर्वी कोणीतरी चुकीच्या पार्टमुळे गेल्याचं दुःख आहे असं एकजण सांगायचा, दुसरा म्हणायचा काही नाही, स्वभावच तसला, लग्नाच्या वरातीतसुद्धा घोड्याचा नाल बघत होता. मी विचारलं नाही कधी.

(काका आत्ता खोकले. आईचा मोबाईल गप्प.)

मेन गोष्ट आता. दादाचा पहिला ट्रक होता तेव्हाची. तोही सेकंडहँडच. मागच्या डाव्या चाकाची बेअरिंग गेली. दादा छाप घेऊन काकांकडे गेला, आणि सोबत जुनी बेअरिंग पण नेली, पेपरात गुंडाळून, की ही बघून तशीच द्या. मी होते तिथे. काकांनी ते पेपराचं पुडकं उघडलंसुद्धा नाही. हा त्यांचा दुसरा नियम होता. जुना पार्ट काउंटरवर ठेवायचा नाही. म्हणायचे, घासलेल्या वस्तूचं माप घेऊ नये, ती आता ती राहिलेली नसते. दादा म्हणाला, काका, नुसतं बघा तरी. काका म्हणाले, "नंबर असताना हिला कशाला विचारायचं?" दादानं पुडकं उचललं. काकांनी स्टेशनं म्हणत नंबर वाचला, आतून नवी बेअरिंग आणली. झालं.

मिस्त्रीनं ती बसवली. दादा तेव्हा समोर नव्हता, फोनवर पुढचं भाडं ठरवत होता. संध्याकाळी गाडी तयार झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी दादा डोंबिवली एमआयडीसीत गेला, रंगाची पिंपं भरली आणि नगरला जायला निघाला. माळशेजमधून.

त्याच दिवशी दुपारी मी कल्याणला क्लासला आलेले, तिथून ऑइल फिल्टर घ्यायला शहाडला गेले. काकांनी मला बघितलं आणि पहिलं वाक्य, "तुझ्या भावानं काल फोन उचलला नाही." दादा थकून झोपलेला. मग माझ्यासमोरच त्यांनी मिस्त्रीला लावला. दुकानात ट्रकचा आवाज खूप, म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलायचे.

"बसलं का?"

"बैठ गया, अंकल."

"सहज?"

"हां, एकदम. उलटा थोडा ढीला था. पत्रा मार दिया."

काकांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला. मग हळू आवाजात विचारलं, "कशाचा पत्रा?"

"कोल्ड्रिंक के कॅन का, अंकल. टेन्शन मत लो, टाईट हो गया."

मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मग त्यांनी मला नीट सांगितलं, अगदी मास्तरांसारखं, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटली. बेअरिंग ढिली असूच शकत नाही. ढिली आहे म्हणजे ती या चाकाची नाही. पत्र्याची पट्टी घालून ती घट्ट वाटते, पण भरलेल्या गाडीखाली पट्टी चुरगळते, बेअरिंग फिरते, तापते, जाम होते. मग चाक सुटूसुद्धा शकतं.

"तुझा भाऊ आत्ता कुठे आहे?"

मी दादाला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. उचलणार पण नव्हता, कारण गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही अशी आईनं त्याला शपथ घातलेली, आणि दादा फोन सीटखालच्या डब्यात टाकायचा. एवढी चांगली शपथ. मी लावतेय, लावतेय, डब्यात वाजत असणार.

काकांनी शटर खाली ओढलं. भर दुपारी. शेजारचा टायरवाला बाहेर येऊन बघायला लागला, कारण असं कधीच झालं नव्हतं. काका म्हणाले, स्कूटर तू चालव, मी रस्त्यावरचे ट्रक बघतो. मागे बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत माप घ्यायचा कॅलिपर, कागद आणि पेन्सिल. बेअरिंग कुठली घ्यायची हेच माहीत नव्हतं ना. माणूस पार्ट न घेता निघाला होता.

म्हारळ, वरप, कांबा, रायत्याचा पूल. मी स्कूटर ताणतेय आणि काका कानाशी. गाडीत किती पिंपं आहेत? भरलेली की अर्धी? सकाळी नाश्ता करून निघाला का? म्हणजे जेवायला थांबेल का? समोर ट्रक दिसला की दोघांची नजर मागच्या डाव्या चाकावर. आमचा नाही. पुन्हा पुढचा. आमचा नाही. एकदा रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली आणि मी ब्रेक दाबला. स्कूटर हळू झाली. काकांनी माझा खांदा धरला. पडलेली बाईक होती, बाईकवाला उभा राहून भांडत होता. मला त्या भांडणाऱ्या माणसाला नमस्कार करावासा वाटला.

मुरबाड गेलं. मुरबाडनंतर काकांचे प्रश्न संपले. मग मागून पुटपुटणं सुरू झालं. एम मुंब्रा. के कल्याण. टी टिटवाळा. आमच्या ट्रकचा अख्खा नंबर, शेवटपर्यंत, परत पहिल्यापासून. त्यांना त्यात चूक सापडत नव्हती.

सरळगावच्या पुढे झाडाखाली आमचा ट्रक उभा. चाकांना दगड लावलेले. दादा मागच्या डाव्या चाकाजवळ उकिडवा बसलेला, एक हात दुसऱ्या हातात धरून.

मी स्कूटर कशी थांबवली मला आठवत नाही. दादानं आधी मला बघितलं, मग काकांना, आणि त्याला काही आश्चर्यच वाटलं नाही. लहान मुलगा मार्क सांगतो तशा आवाजात म्हणाला,

"पातेलं, काका."

तो चहाला पण थांबला नव्हता तिथे. नुसता हात लावायला थांबला. मी नंतर विचारलं, तुला काही आवाज आला का, वास आला का? म्हणाला, नाही गं, काहीच नाही. संध्याकाळी काका विचारणार, कुठल्या चाकाचा म्हणणार, आणि परत बनियनवर उतरायला लावणार. म्हटलं आत्ताच बघून टाकू.

बस. एवढंच. या एवढ्या कारणासाठी माझा भाऊ घाटाच्या अलीकडे थांबला.

काका त्या खोचलेल्या शर्टासकट ट्रकखाली आडवे झाले. मागच्या एक्सलवर, म्हणजे दोन्ही चाकं जोडलेली असतात त्या जाड दांड्यावर, कागद धरला आणि पेन्सिल घासली. बाहेर आले, कागद उजेडात धरला. म्हणाले, हा एक्सल या गाडीचा नाहीच. दुसऱ्या, जुन्या मॉडेलचा आहे. आधीच्या मालकानं कधीतरी गाडी ठोकली असणार, कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा एक्सल खाली टाकला असणार, आणि विकताना गप्प. चासीचा नंबर एका गाडीचा आणि चाकं दुसरीची.

दादा म्हणाला, मग काका, तुमची काय चूक. नंबर बरोबरच होता की.

काका रस्त्याकडेला दगडावर बसले. पाठीला माती, केसात गवत. म्हणाले, "तू जुनी बेअरिंग आणली होतीस. तिला माहीत होतं. मी पुडकं उघडलं नाही."

त्यांनी टायरवाल्याला फोन करून दुकानाची दुसरी चावी कुठे आहे ते सांगितलं, कुठल्या फळीवरचा कुठला खोका ते सांगितलं, आणि योग्य ती बेअरिंग माळशेजकडच्या एसटीतून आली. सरळगावचा मिस्त्री आला. काका त्याच्या हाताखाली बघत उभे. या वेळी बेअरिंग नुसत्या हातानं सरकली, टक करून बसली. तरी काका घरी जाईनात. दादानं गाडी पुढे नेऊन परत आणली, हाताची मागची बाजू लावली. चहाचा कप. मग काकांनी स्वतः लावली. मग मला लावायला सांगितली.

त्यानंतर काउंटरवर जुने पार्ट यायला लागले. काळे, तेलकट, तुटलेले. काका प्रत्येक पार्ट हातात घ्यायचे, पेन्सिलीनं छाप काढायचे, आणि गिऱ्हाईकाला विचारायचे, या गाडीचं मध्ये काही बदललंय का, आठवून सांगा. आधी नंबर, मग पार्ट, मग हा प्रश्न. लोकांना वाटलं म्हातारा सुधारला. कसला सुधारतोय, फोन दुप्पट झाले.

मग कान गेले. हळूहळू गेले, पण फोनवरचं आधी गेलं. समोर बसलं की ओठांवरून कळतं, मोठ्यानं बोललं तर थोडं कळतं, फोनवर काहीच नाही. दुकान पुतण्यानं घेतलं. पुतण्या चांगलाय हां, काही नावं ठेवत नाही मी. त्याच्याकडे मोबाईलवर चासी नंबर टाकला की पार्टचं चित्र येतं, ऑर्डर टाकली की घरपोच. मस्त चालतं. फक्त नंतर कोणी फोन करत नाही. रेटिंग मागतात.

आणि काका डोंबिवलीत घरी बसून अजूनही फोन करतात. जुन्या गिऱ्हाईकांना. आमच्या मिस्त्रीनं तर नंबरच बदलला. ऐकू येत नाही, मग उत्तर कसं कळणार, तर त्यावर काकांनी सोय काढली. फोन लावतात आणि सांगतात, "बसलं असेल तर फोन कट कर. नसेल तर चालू ठेव. मी बघतोय." स्क्रीन विझली की समजतात, बसलं. लोक अर्थातच पहिल्या सेकंदाला कट करतात. काकांना वाटतं सगळ्यांचं सगळं बसलंय. या बाबतीत ते हल्ली खूप समाधानी आहेत, काकू सांगत होत्या.

या नव्या ट्रकची बेअरिंग पुतण्याकडूनच मागवली. नंबर टाकून. पण त्याआधी मी स्वतः खाली शिरले, चासीची छाप घेतली, एक्सलची घेतली, जुनी बेअरिंग घेतली, आणि सगळं पिशवीत घालून डोंबिवलीला काकांकडे गेले. त्यांनी डायनिंग टेबलवर पेपर पसरून सगळं तपासलं. काकू जेवणाची ताटं हातात घेऊन उभ्या. काका म्हणाले, जुळतंय. जुळतंय म्हणाले, तरी आज सकाळी फोन केलाच. बसलं असेल तर कट कर. आणि मी पहिल्यांदाच केला नाही. कारण मिस्त्री नवीन आहे, दादा परत फोनवर भाडं ठरवत होता, बसवताना कोणी बघितलं नाही, आणि मला खात्रीनं सांगता येत नाहीये की त्यात पत्रा नाही.

काकांना कळलंय की फोन चालू आहे. म्हणून ते हललेले नाहीत. काकूंनी जेवायला बोलावलं, गेले नाहीत. आता परत पुटपुटतायत. मी कान लावला. एम मुंब्रा. के कल्याण. टी टिटवाळा. नव्या ट्रकचा नंबर. चारच दिवसांपूर्वी बघितलेला, पाठ झालाय.

थांबा. आईचा मोबाईल वाजतोय.

दादा होता. मागून गाड्यांचे आवाज. मी हॅलो पण म्हटलं नाही, नुसतं म्हटलं, बोल.

"चहाचा कप," तो म्हणाला.

मी विचारलं, "कुठल्या चाकाचा?"

तो हसला. "थांब, परत बघून येतो." गेला. चारही बाजूंना हात लावून आला. सगळीकडे चहाचा कप. डावीकडे तर तो पण निवलेला.

आणि आता माझं बोट लाल बटणावर आहे, आणि काका पलीकडे एक्सपाशी पोहोचलेत, आणि तिथे थांबलेत, स्टेशन नाही म्हणून. मी त्यांना नंबर पूर्ण करू दिला. मग कट केला.

स्क्रीन विझली. तिकडे पण विझली असेल. जेवायला बसले असतील.

मला आता एवढंच सांगा, तुमच्या पण मागे लागलंय का असं कोणी, ज्याचा फोन बघून तुम्ही वैतागता, पहिल्या सेकंदाला कट करता, आणि तरी गाडी कडेला घेऊन एकदा चाकाला हात लावून बघता?